आधी अडगळ, मग कुंपण : घर आवरण्याचा आणि पुढच्या बागेची हद्द नीट करण्याचा क्रम

घर आवरणे आणि पुढच्या बागेचे कुंपण सुधारणे ही दोन्ही कामे एकाच सुट्टीत उरकायला अनेक जण जातात आणि बहुधा उलट्या क्रमाने करतात. कुंपणाचे काम डोळ्यांत भरणारे असल्यामुळे त्यालाच आधी हात घातला जातो. मग घरातून निघालेले मोडके पलंग, फुटक्या कुंड्या, उरलेल्या फरश्या आणि रद्दीचे गठ्ठे नव्या रोपांना तुडवत बाहेर न्यावे लागतात, आणि ज्यांचा निर्णय होत नाही अशा वस्तू नव्या कुंपणालाच ‘तात्पुरत्या’ टेकवून ठेवल्या जातात. कुंपणालगतची अशी अडगळ ओल धरते, वाळवीला आसरा देते आणि खांबाचा बुंधा कधी कुजला हे दिसूच देत नाही. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत: आधी घर, मग घरातून फाटकापर्यंतची वाट, आणि सर्वांत शेवटी हद्द.

टप्पा १ : हात लावण्यापूर्वीची तयारी

आवराआवर फसते ती पहिल्या तासातच, कारण कपाट रिकामे होते पण त्यातून निघालेल्या वस्तूंनी कुठे जायचे हे ठरलेले नसते. कपाट उघडण्याच्या आधी वस्तू घराबाहेर जाण्याच्या वाटा ठरवाव्यात. भंगार आणि रद्दी कोण नेणार, वापरण्याजोगे कपडे व भांडी कोणाला द्यायची, ई-कचरा कुठे स्वीकारला जातो, जड फर्निचरसाठी वाहन लागेल का आणि ते कोणत्या दिवशी येईल, हे सारे कागदावर लिहून काढावे. वाहनाचा दिवस आधी पक्का केल्याचा एक फायदा असा की, त्या दिवसापर्यंत निर्णय घेणे भागच पडते.

साहित्य फार लागत नाही. जाड पिशव्या, काही लहान व काही मोठी खोकी, ठळक लिहिणारे पेन, चिकटपट्टी, हातमोजे, मास्क, मोजपट्टी आणि डगमगणार नाही अशी शिडी एवढे पुरते. पुस्तके आणि कागद लहान खोक्यांतच भरावेत. मोठे खोके पुस्तकांनी भरले की ते उचलता येत नाही आणि तळातून फाटते. मोठी खोकी उशा, पांघरुणे, कपडे अशा हलक्या वस्तूंसाठी ठेवावीत. नवे डबे, टोपल्या किंवा रॅक मात्र या टप्प्यावर मुळीच विकत घेऊ नयेत. त्यांची वेळ सहाव्या टप्प्यात येते.

वस्तू पसरून पाहण्यासाठी साधारण दोन मीटर लांब आणि तेवढीच रुंद अशी मोकळी जमीन हवी. ती नसेल, तर सुरुवात मुख्य दाराजवळून करावी. दाराशी जागा मोकळी झाली की पुढचे सगळे सामान बाहेर नेणेही सोपे जाते.

मालकीचा प्रश्न याच वेळी सोडवावा. दुसऱ्याच्या वस्तू त्याच्या नकळत टाकल्या, तर पुढच्या खेपेस तो कशालाच हात लावू देत नाही आणि काम कायमचे अडते. घरातील एखादी व्यक्ती निरुपयोगी वस्तूही सोडू शकत नसेल आणि वस्तू काढण्याच्या विचारानेच तिला तीव्र त्रास होत असेल, तर तो हट्ट नसून आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत २०१३ पासून साठवणुकीच्या या विकाराची स्वतंत्र नोंद आहे. अशा वेळी सक्तीने घर रिकामे करण्यापेक्षा आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तपासणी : प्रत्येक वाटेपुढे नाव आणि दिवस लिहिलेला आहे का? एखादी ओळ रिकामी असेल, तर त्या प्रकारच्या वस्तू अजून बाहेर काढू नयेत.

टप्पा २ : एका वस्तूचा एकदाच निर्णय

पाच खोकी किंवा पिशव्या मांडून त्यांवर मोठ्या अक्षरांत लिहावे: ठेवायचे, द्यायचे, भंगार, कचरा आणि दुसऱ्या खोलीतले. शेवटचे खोके अनेक जण ठेवत नाहीत, आणि नेमके त्यामुळेच काम रेंगाळते. बैठकीच्या खोलीत सापडलेली कात्री स्वयंपाकघरात ठेवायला माणूस उठतो, तिथला खण उघडतो, त्यातला पसारा पाहून तोच आवरू लागतो आणि अर्ध्या तासाने घरात दोन अर्धवट उपसलेले कोपरे तयार होतात. त्या खोलीत सापडलेली पण तिथली नसलेली प्रत्येक वस्तू त्या खोक्यात टाकावी आणि खोके कामाच्या त्या बैठकीच्या शेवटी एकदाच खोल्यांतून फिरवावे.

वस्तू हातात घेतल्यावर ‘कधीतरी लागेल का’ असे विचारू नये, कारण या प्रश्नाचे उत्तर नेहमी होकारार्थीच येते. गेल्या बारा महिन्यांत ती वापरली का, असे विचारावे. ऋतूनुसार लागणाऱ्या वस्तूही त्या मुदतीत एकदा तरी वापरात येऊन जातात. प्रथमोपचाराची पेटी, विजेरी किंवा अग्निशामक यांना हा नियम लागू नाही. त्या न वापरल्या गेल्या हेच चांगले. मोडकी वस्तू असेल तर तिच्यावर दुरुस्तीची तारीख लिहावी, आणि ती तारीख उलटली की वस्तू भंगारात जावी.

निर्णय होत नसलेल्या वस्तूंसाठी एक खोके ठेवायला हरकत नाही, परंतु ते एकच असावे, चिकटपट्टीने बंद केलेले असावे आणि त्यावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिलेली असावी. त्या तारखेपर्यंत ते उघडण्याची गरज पडली नाही, तर उत्तर मिळालेच.

एका बैठकीस पाऊण तासाहून अधिक वेळ घेऊ नये. थकलेला माणूस एक तर सगळेच ठेवतो, नाही तर सगळेच फेकतो.

टप्पा ३ : कोणता पसारा आधी, कोणता शेवटी

सर्वांत सोप्या निर्णयांपासून सर्वांत अवघड निर्णयांकडे जावे. पहिल्या फेरीत सर्व खोल्यांतून केवळ उघड कचरा गोळा करावा: रिकामी खोकी, फाटक्या पिशव्या, झाकण हरवलेले डबे, सुकलेली पेने, मुदत संपलेले पदार्थ. यात विचार करण्यासारखे काही नसते आणि घर लगेच मोकळे दिसू लागते. त्यानंतर एकाहून अधिक असलेल्या वस्तू एकत्र आणाव्यात. चार्जर, पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, कात्र्या घरभर विखुरलेल्या असताना त्या किती आहेत हे कळत नाही, पण एकाच ठिकाणी ओतल्या की आपोआप कळते. मग कपडे, त्यानंतर स्वयंपाकघर, नंतर माळा आणि पलंगाखालचे खण. कागदपत्रांना वेगळा वेळ द्यावा. पत्रे, छायाचित्रे आणि आठवणीच्या वस्तू अगदी शेवटी हाताळाव्यात, कारण तिथून सुरुवात केलेली आवराआवर बहुधा तिथेच संपते.

माळा आवरताना एका माणसाने वर आणि दुसऱ्याने खाली असावे, आणि वस्तू खाली न फेकता हातात द्याव्यात. उंच कपाट रिकामे करताना वरचे कप्पे आधी रिकामे करावेत. खालचे जड सामान आधी काढले तर वजन वर राहते आणि भिंतीला न बांधलेले कपाट पुढे कलंडू शकते.

सावधानता : पुढील गोष्टी साध्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत.

फुगलेली लिथियम बॅटरी दाबू, टोचू किंवा चार्ज करू नये. ती ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून शक्य तितक्या लवकर ई-कचरा केंद्रात द्यावी. चांगल्या स्थितीतील जुन्या बॅटऱ्यांच्या टोकांवरही चिकटपट्टी लावावी, म्हणजे एकमेकींना लागून ठिणगी पडत नाही. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. असा दिवा फुटला, तर खिडक्या उघडून किमान दहा मिनिटे खोलीबाहेर थांबावे आणि केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर न वापरता तुकडे जाड कागदाने उचलून, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपून घ्यावा. उरलेले रंग, कीटकनाशके आणि थिनर नाल्यात किंवा मोरीत ओतू नयेत. उंदरांच्या लेंड्या सापडल्या, तर त्या कोरड्या झाडणे धोक्याचे असते, कारण धुळीबरोबर जंतू श्वासात जातात. हातमोजे घालून त्यांवर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण टाकावे, पाच मिनिटांनी कागदाने पुसून घ्यावे आणि तो कागद बंद पिशवीत टाकावा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेले दुसरे कोणतेही क्लीनर मिसळू नये. त्यातून विषारी वायू तयार होतो.

टप्पा ४ : कागदपत्रे

कागद वाचत बसू नये. केवळ प्रकार ओळखून तीन गठ्ठे करावेत. पहिल्या गठ्ठ्यात कायम ठेवायचे कागद येतात: जन्म, विवाह व शिक्षणाचे दाखले, मालमत्तेची कागदपत्रे, मृत्युपत्र. दुसऱ्यात मुदतीचे कागद: कर, विमा, हमीपत्रे, कर्जाचे हिशेब. कराचे कागद किती वर्षे ठेवायचे हे त्या त्या ठिकाणच्या नियमावर अवलंबून असते. ती मुदत पाकिटावर लिहून टाकावी. तिसऱ्या गठ्ठ्यात बाकीचे सगळे, आणि अनुभव असा की हाच गठ्ठा सर्वांत मोठा निघतो. त्यातले नाव, पत्ता किंवा खाते क्रमांक असलेले कागद फाडून किंवा बारीक कातरूनच रद्दीत द्यावेत.

मालमत्तेचा नकाशा किंवा मोजणीचा कागद सापडला, तर तो लगेच बाजूला काढावा. सातव्या टप्प्यात त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. घर आधी आवरण्याचे हे आणखी एक कारण: हद्दीचा कागद बहुतेक वेळा याच पसाऱ्यात असतो.

दुकानातील यंत्रावर छापलेल्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने व काळाने कोऱ्या होत जातात. हमीसाठी लागणाऱ्या अशा पावतीची छायाप्रत काढून तीच जपावी. कागद स्कॅन करून मूळ प्रत टाकायची असेल, तर आधी फाइल उघडते का, अक्षरे वाचता येतात का आणि तिची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे का, हे पाहावे. जुने फोन आणि संगणक देताना त्यातील माहिती आधी काढून घेऊन मग ती पुसावी. केवळ फायली कचरापेटीत टाकल्याने माहिती पुसली जात नाही.

टप्पा ५ : सामान प्रत्यक्ष घराबाहेर काढणे

भरलेल्या पिशव्या व्हरांड्यात किंवा बागेत येऊन थांबल्या, म्हणजे पसारा गेला नाही. त्याने केवळ जागा बदलली. द्यायच्या पिशव्या एका आठवड्याच्या आत जायला हव्यात. त्या भरल्या की बांधून टाकाव्यात, नाही तर येता-जाता कोणीतरी त्यातून एखादी वस्तू परत काढतोच. मोठे फर्निचर हलवण्यापूर्वी दार, जिन्याचे वळण आणि फाटक यांची रुंदी मोजावी आणि आवश्यक तेथे पाय किंवा दारे सोडवून घ्यावीत.

तपासणी : मुख्य दारापासून फाटकापर्यंत सलग साधारण ९० सेंटिमीटर रुंदीची वाट मोकळी आहे का? कुंपणाला टेकवलेले काही राहिले आहे का? ही वाट मोकळी झाल्याशिवाय बागेतील कोणतेही काम सुरू करू नये.

टप्पा ६ : उरलेल्या वस्तूंना जागा देणे

आता जे उरले ते मोजावे, कपाटाच्या कप्प्यांची लांबी, खोली आणि उंची टिपावी आणि त्यानंतरच डबे घ्यावेत. आधी आणलेले डबे एक तर कप्प्यात बसत नाहीत किंवा भरण्यासाठी वस्तू गोळा करायला लावतात. वस्तूची जागा ठरवताना ‘ही हवी असेल तर मी आधी कुठे पाहीन’ हा प्रश्न पुरतो. जे उत्तर प्रथम सुचेल तीच तिची जागा. रोजच्या वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, जड वस्तू खाली आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू माळ्यावर ठेवाव्यात. कप्पा गच्च भरू नये. पाचवा हिस्सा मोकळा राहिला तरच काढलेली वस्तू परत आपल्या जागी जाते.

टप्पा ७ : हद्द नेमकी कुठे आहे, हे ठरवणे

येथून बागेचे काम सुरू होते, आणि येथील चूक सर्वांत महाग पडते. जुने कुंपण जिथे आहे तिथेच हद्द असते असे समजू नये. ते कोणीतरी सोयीसाठी आत किंवा बाहेर घेतलेले असू शकते. नकाशा आणि जागेवरील खुणा ताडून पाहाव्यात, शेजाऱ्यांना प्रत्यक्ष जागेवर बोलावून रेषा दाखवावी आणि मतभेद असेल तर अधिकृत मोजणी झाल्याशिवाय खड्डा खणू नये. शेजाऱ्यांशी ठरलेली गोष्ट, विशेषतः खर्च आणि देखभाल कोणी करायची हे, दोन ओळींत का होईना, लिहून घ्यावे. रस्त्याकडील कुंपणाच्या उंचीवर बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. ती स्थानिक प्रशासनाकडून आधीच विचारून घ्यावी.

पाण्याची नळी, सांडपाण्याची वाहिनी, वीज व गॅस यांच्या वाहिन्या बहुधा पुढच्या बागेतूनच घरात येतात. संबंधित कार्यालयांकडून त्यांचे मार्ग समजून घ्यावेत, आणि मीटर, चेंबरची झाकणे व नळ यांना जोडणाऱ्या सरळ रेषा जमिनीवर चुन्याने आखाव्यात. त्या रेषांच्या जवळ यंत्राने किंवा पहारीने घाव घालू नयेत. हाताने, फावड्याने थर काढत जावे.

टप्पा ८ : जुन्यापैकी काय टिकवायचे

सगळे पाडून नवे करण्याची घाई बहुधा अनाठायी असते. खांब हाताने हलवून पाहावा. तो जमिनीच्या पातळीवर डुलत असेल, तर खाली कुजला किंवा गंजला आहे; वर रंग देऊन उपयोग नाही. खांब पक्का आणि जाळी किंवा फळ्या खराब असतील, तर केवळ त्याच बदलाव्यात.

भिंतीला ओळंबा (दोरीला बांधलेले वजन) लावून ती झुकली आहे का, हे पाहावे. तडा दिसल्यास त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहावी आणि काही आठवडे थांबावे. केसासारखा बारीक तडा तेवढाच राहिला, तर तो गिलाव्याचा असतो. खुणेच्या पुढे गेला किंवा रुंदावला, तर पाया हलतो आहे आणि तेथे जाणकाराला बोलावणेच योग्य. भिंतीला टेकवून मातीचा ढीग केलेला असेल तर तो आधी उतरवावा, कारण बागेची भिंत बहुधा मातीचा दाब पेलण्यासाठी बांधलेली नसते. भिंतीवर पांढरा क्षार फुटला असेल तर तो पाण्याने धुऊ नये; पाण्यात तो विरघळून पुन्हा आत मुरतो. कोरड्या ब्रशने झाडून ओल कुठून येते ते शोधावे.

लोखंडी जाळीचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून काढावा, धूळ पुसावी, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा आणि तो वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. घासलेले लोखंड रात्रभर उघडे राहिले, तर त्यावर पुन्हा गंज चढतो. ओलसर हवेत रंग देऊ नये.

सावधानता : फार जुन्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला करून, मास्क लावून घासावा आणि पोपडे मातीत पडू देऊ नयेत. ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे फोडू, कापू किंवा भोक पाडू नयेत. ते अखंड काढून नेण्याचे काम प्रशिक्षित माणसांकडून करून घ्यावे.

टप्पा ९ : आखणी

हद्दीच्या रेषेवर दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून त्यांमध्ये दोरी ताणून बांधावी. कोपरा काटकोनात आहे का, हे पाहण्यासाठी कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ मीटर आणि दुसरीवर ४ मीटर अंतरावर खुणा कराव्यात. त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ मीटर भरले, तर कोन काटकोन आहे. अंदाजाने आखलेला कोपरा फळ्या लावताना हमखास उघडा पडतो.

खांबांची संख्या काढताना होणारी चूक ठरलेली आहे. समजा, कुंपणाची लांबी १० मीटर आहे आणि दोन खांबांमध्ये २.४ मीटरपेक्षा जास्त अंतर नको आहे. प्रत्येक २.४ मीटरवर खांब रोवत गेले, तर शेवटी ४० सेंटिमीटरचा ओशाळवाणा तुकडा उरतो. त्याऐवजी लांबीला अंतराने भागून वरचा पूर्णांक घ्यावा: १० भागिले २.४ म्हणजे चाराहून थोडे अधिक, म्हणून पाच गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधला भाग). प्रत्येक गाळा २ मीटरचा आणि खांब मात्र सहा, कारण खांब गाळ्यांपेक्षा नेहमी एकाने जास्त लागतात. अंतर खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजावे. तयार चौकटी विकत घेणार असाल, तर आधी त्यांची रुंदी पाहून मग गाळे ठरवावेत.

टप्पा १० : खड्डे आणि खांब

खांबाच्या एकूण लांबीचा किमान चौथा हिस्सा जमिनीत जायला हवा. माती भुसभुशीत असेल किंवा वारा जोराचा असेल, तर तिसरा. जमिनीवर १.८ मीटर उंची हवी असेल, तर खांब २.४ मीटरचा घ्यावा आणि ६० सेंटिमीटर गाडावा. खड्ड्याची रुंदी खांबाच्या जाडीच्या साधारण तिप्पट असावी आणि तो सरळ उभा खणावा. वर रुंद व खाली निमुळता होणारा खड्डा खांबाला धरून ठेवत नाही. खोली खांब गाडण्याच्या मापापेक्षा १० सेंटिमीटर जास्त ठेवून तेवढ्या भागात खडी भरून चोपावी, म्हणजे बुंध्याशी पाणी साचत नाही. लाकडी खांबाचे कापलेले टोक जमिनीत जाणार असेल, तर त्यावर आधी लाकूड-संरक्षक द्रव मुरू द्यावा; कारखान्यात प्रक्रिया केलेले लाकूडही कापले की तिथे उघडे पडते.

दोन्ही टोकांचे खांब आधी रोवावेत. ते पक्के झाल्यावर त्यांच्यामध्ये खाली एक आणि वर एक अशा दोन दोऱ्या बांधून मधले खांब त्यांना जुळवावेत. एका टोकापासून एकेक खांब रोवत गेल्यास प्रत्येक खांबातील किंचित चूक पुढच्यात जमा होते आणि शेवटी रेषा वाकडी दिसते. प्रत्येक खांबाला लगतच्या दोन बाजूंनी ओळंबा किंवा पाणसळ (बुडबुड्यावरून पातळी दाखवणारी पट्टी) लावावी. एकाच बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने झुकलेला असू शकतो. मग तिरक्या टेकूंनी तो धरून ठेवावा.

काँक्रीटसाठी एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी हे प्रमाण पुरेसे आहे. पाणी बेताचेच घालावे. मिश्रण पातळ केले की ओतायला सोपे जाते, पण ताकद कमी होते. थराथराने भरून सळईने टोचावे आणि वरचा भाग खांबापासून बाहेरच्या बाजूला उतरता करावा. सपाट किंवा खोलगट सोडलेल्या माथ्यावर पाणी थांबते आणि लाकूड असो वा लोखंड, नेमके तिथेच खराब होते. काँक्रीट ओतल्यावर ओळंबा पुन्हा एकदा लावावा, कारण भरताना खांब सरकतो.

तपासणी : टेकू किमान दोन दिवस हलवू नयेत आणि सात दिवस काँक्रीटवर पाणी मारावे. त्याआधी फळ्या, जाळी किंवा फाटक यांचा भार खांबांवर देऊ नये. फळ्या लावताना त्या जमिनीपासून ५ सेंटिमीटर वर ठेवाव्यात.

टप्पा ११ : झुडपांचे कुंपण

पक्क्या कुंपणाच्या आतून झुडपे लावायची असोत किंवा केवळ झुडपांचेच कुंपण करायचे असो, खांबांचे काम आधी संपायला हवे. रोप निवडताना ते मोठेपणी किती जाड होते हे विचारावे. विक्रीसाठी ठेवलेल्या रोपाच्या आजच्या आकाराला काही अर्थ नाही. जाडी ९० सेंटिमीटर होणार असेल, तर रोप हद्दीपासून किमान ४५ सेंटिमीटर आत हवे, आणि मागच्या बाजूने छाटायला हात जावा म्हणून ६० सेंटिमीटर ठेवणे शहाणपणाचे. मुले किंवा पाळीव प्राणी असतील, तर कण्हेर टाळावी, कारण तिचे सर्व भाग विषारी असतात आणि छाटलेल्या फांद्या जाळल्यास धूरही घातक ठरतो. दुरांटाची पिवळी फळे मुलांना आकर्षित करतात, पण तीही विषारी आहेत.

दाट कुंपणासाठी रोपांत साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. अंतर ४० सेंटिमीटर धरले आणि पहिले रोप टोकापासून २० सेंटिमीटरवर लावले, तर १० मीटर लांबीला २५ रोपे लागतात. सुटे खड्डे खणण्यापेक्षा सलग चर खणणे बरे. माती एकसारखी भुसभुशीत होते आणि रोपे दोरीला धरून लावता येतात. चर मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद असावा, पण त्याहून खोल असू नये. रोप पिशवीत ज्या पातळीपर्यंत मातीत होते, त्याच पातळीवर ते जमिनीत बसले पाहिजे. खोल लावलेल्या रोपाचे खोड मातीत दबून कुजते, आणि रोपे मरण्याचे हे कारण पाण्याच्या अभावाइतकेच सर्रास आढळते. पिशवीत गोल गोल वाढलेली मुळे हाताने मोकळी करावीत किंवा दोन-तीन ठिकाणी कापावीत, नाही तर ती जमिनीतही तशीच फिरत राहतात.

लावल्यानंतर भरपूर पाणी देऊन माती बसू द्यावी, आणि ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. ते खोडापासून चार बोटे दूर असावे. पुढे रोज थोडे पाणी देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने खोलवर मुरेल इतके द्यावे. दोन इंच खालची माती बोटाने चाचपून पाहावी. ती ओली असेल तर थांबावे.

छाटणीची चूक मात्र वर्षभराने दिसते. कुंपण लवकर उंच व्हावे म्हणून शेंडे न छाटता वाढू दिले, तर खाली फांद्या फुटत नाहीत आणि पायाशी कायमची पोकळी राहते. रोपे रुजून नवी वाढ दिसू लागताच शेंडे खुडावेत आणि प्रत्येक १५ सेंटिमीटर वाढीनंतर पुन्हा खुडावेत. आकार खाली रुंद आणि वर किंचित अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांपर्यंत ऊन पोहोचते. छाटणीपूर्वी पक्ष्यांची घरटी पाहावीत. अंडी किंवा पिल्ले असतील तर तो भाग सोडावा.

वाहन बाहेर पडत असेल, तर फाटकाच्या दोन्ही बाजूंना झुडपे गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नयेत. चालकाला पायी जाणारे लहान मूल दिसले पाहिजे.

टप्पा १२ : फाटक

फाटक शेवटी बसवावे, कारण त्याआधी साहित्य आणि माती नेण्या-आणण्यासाठी पूर्ण रुंदीची वाट हवी असते. ज्या खांबावर बिजागऱ्या येतात तो इतरांपेक्षा जाड आणि खोल असावा. फाटक कोणत्या बाजूला उघडणार ते जमिनीचा उतार पाहून ठरवावे. आत चढ असेल आणि फाटक आत उघडत असेल, तर ते अर्ध्यावरच जमिनीला घासते. म्हणून बसवण्यापूर्वी फाटकाच्या लांबीची एक काठी घेऊन ती खांबापाशी धरून पूर्ण फिरवून पाहावी, आणि सर्व ठिकाणी ५ सेंटिमीटर फट राहते का ते तपासावे. फाटक रस्त्यावर किंवा पादचारी मार्गावर उघडेल असे बसवू नये.

लाकडी फाटकाच्या आडव्या पट्ट्यांमधील तिरकी पट्टी खालच्या बिजागरीपासून निघून वरच्या कडीच्या बाजूला जायला हवी. ती उलटी लावली, तर फाटकाचे वजन तिच्यावर दाब न देता तिला सांध्यांतून ओढत राहते, आणि काही महिन्यांत कडीचे टोक खाली येऊन कोयंडा जुळेनासा होतो. फाटक बसवल्यानंतर महिन्याभराने बिजागऱ्यांचे स्क्रू पुन्हा आवळावेत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर खांबांच्या बुंध्यांशी पाणी थांबते आहे का ते पाहून, थांबत असल्यास तेथील माती उतरती करून घ्यावी.